चौरंगावरची दुर्बीण

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



'माझा छंद' या विषयावर दहा-पंधरा मिनिटे बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, माझा छंद रात्रीचा. भर दुपारी, चहाच्या आधी त्याविषयी काय बोलणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या दुर्बिणीविषयी सोसायटीत बोलून बोलून झाले आहे. आता एकदा तुमच्या तोंडून होऊ द्या." त्यांचे म्हणणे खरे आहे. तेव्हा बोलते. मात्र सुरुवातीलाच सांगते की मी कुणी विदुषी नाही. माझी नोकरी टपाल खात्यातली, आणि शास्त्राशी संबंध म्हणाल तर शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात शनीच्या कड्याचे जे चित्र पाहिले होते तेवढाच. ते चित्र मात्र मनातून कधी गेले नाही.

२०२२ च्या दिवाळीत भिशीचा नंबर मला लागला. हातात १२,००० रुपये आले. सूनबाई म्हणाली, "आई, मिक्सर पार खिळखिळा झालाय, नवा घेऊ या." मी हो म्हटले, बाजारात गेले, आणि मिक्सरच्या दुकानाच्या आधी जे दुकान लागले तिथेच थांबले. काचेत एक लांब पांढरी नळी तिपाईवर उभी होती. खोक्यावर शनीचे झगझगीत रंगीत चित्र, आणि शेजारी लिहिलेले, "५२५ पट मोठे दिसेल." किंमत ४,५०० रुपये. दुकानाचे नाव घेत नाही. मुलगा गोड बोलला, मी पैसे मोजले, आणि घरी आल्यावर सुनेला म्हटले, "मिक्सर पुढच्या महिन्यात." घरातले हे म्हणाले, "म्हणजे आता आकाशावरही तुझी देखरेख सुरू?"

त्या रात्री गच्चीवर काय झाले ते सांगते. डोक्यावर गुरू चांगला झळकत होता. नळी त्याच्याकडे वळवायला गेले तर तो काही सापडेना. वीस मिनिटांनी सापडला तेव्हा मान आखडली होती. बरे, सापडला तो कसा? स्पष्ट दिसावा म्हणून गोल खुंटीला हात लावावा, तर वाऱ्यावरच्या कणसासारखे सगळे चित्र डोलायला लागे. हात काढावा, डोलणे थांबायची वाट पाहावी, तोवर गुरू नळीतून निघून गेलेला. सगळ्यात जोरदार भिंग लावले तेव्हा तर जांभळ्या-पिवळ्या कडांचा एक डाग दिसला, आणि त्यात माझ्याच पापण्यांची सावली. असे पाच-सहा रात्री चालले. नात तीन रात्री माझ्याबरोबर आली, चौथ्या रात्री म्हणाली, "आजी, मी टीव्ही बघते."

मला वाटले, दोष माझाच. आपल्याला यंत्र लावता येत नाही. आपले डोळे गेले. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी तपासून सांगितले, "मोतीबिंदूची नुकती सुरुवात आहे, पण तेवढ्याने गुरू नाहीसा होत नाही." तरीही मी नळी पुसून खोक्यात घातली आणि माळ्यावर टाकली. सूनबाई एका शब्दाने काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागले. वर्षभर ती नळी माळ्यावर होती, आणि वर्षभर मी मनात म्हणत होते की हे आपले काम नव्हे.

भगिनींनो, आज मला मुख्य बोलायचे आहे ते याविषयीच. नव्या कुकरची शिट्टी बिघडली तर आपण तडक दुकानात जाऊन भांडतो, पण शास्त्राची म्हणून एखादी वस्तू हातात आली आणि ती चालली नाही, की आपण पहिल्याने स्वतःच्या अकलेवर शंका घेतो. त्या नळीतच खोट असेल हे वर्षभर माझ्या मनाला शिवले नाही.

ती खोट मला कळली २०२३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर. पुण्यात आकाशनिरीक्षणाची हौस काही आजची नव्हे. आपल्या गावातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली सुरू झाली, म्हणजे ती माझ्याहूनही वडील. अशाच काही हौशी मंडळींचा एक मोकळ्या मैदानावरचा कार्यक्रम आहे असे नातीच्या शाळेतून कळले. मी गेले, आणि जाताना ती नळी पिशवीत घालून नेली. तिथे एका कॉलेजातल्या मुलाने ती उघडून पाहिली. त्याने मला काय दाखवले, तर पुढच्या ५० मिलिमीटर भिंगाच्या मागे, नळीच्या आत, एक काळी प्लॅस्टिकची चकती बसवलेली होती आणि तिला मधोमध भोक. भिंग हलक्या प्रतीचे. त्याच्या कडेकडून येणारा प्रकाश चित्र बिघडवतो, म्हणून कारखान्यानेच तो अडवून टाकलेला. ५० चे भिंग म्हणून पैसे घेतले आणि वापरायला दिला त्याचा मधला तुकडा! मग त्या मुलाने माझीच नळी स्वतःच्या जड तिपाईला पट्ट्यांनी बांधली, मागे स्वतःचे चांगले भिंग घातले, आणि म्हणाला, "काकू, आता बघा." गुरू दिसला. लहान, पण गोल आणि स्वच्छ, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत चार ठिपके. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने जे चार चंद्र पाहिले तेच. त्याची दुर्बीण जेमतेम वीस पट मोठे दाखवणारी होती.

म्हणजे डोळे माझेच, नळीही तीच. डोलणारी तिपाई आणि मागचे भिकार भिंग एवढे बदलले, आणि वर्षभराचा माझा अपराध एका मिनिटात धुऊन निघाला.

आता दुर्बीण घेताना काय पाहावे ते, मला जसे समजले तसे, आपल्या भाषेत सांगते. पावसात एक वाटी आणि एक परात ठेवली तर पाणी परातीत जास्त साठते. प्रकाशाचे तसेच आहे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर सहा-सात मिलिमीटर उघडते, आणि आपल्या वयाला तेवढीही नाही. आज माझ्याकडे जी दुर्बीण आहे तिचा आरसा ११४ मिलिमीटर रुंद आहे. उघड्या डोळ्यापेक्षा तीनशे पटींहून अधिक प्रकाश तो गोळा करतो. म्हणून विचारायची पहिली गोष्ट ही की तोंड किती रुंद. 'किती पट' हा प्रश्न नंतरचा. किती पट हे तर मागच्या लहान भिंगावर ठरते. दुकानात त्याला आयपीस म्हणतात. माझ्या दुर्बिणीवर ४५० हा आकडा लिहिलेला आहे. त्याला आयपीसवरच्या आकड्याने भागायचे. २५ चा आयपीस लावला तर १८ पट, १० चा लावला तर ४५ पट. याला मर्यादा आहे. तोंड जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे जाण्यात अर्थ नाही. ५० च्या नळीला फार तर १००. तिला ५२५ पट करणे म्हणजे चार माणसांची आमटी चाळीस पाहुण्यांना वाढणे. पातेले भरलेले दिसते, पण आमटी कुठे असते?

आणि तिपाई. दुकानात तिला कोणी विचारत नाही, पण अर्धे सुख तिच्यावर आहे. नळीला बोटाने टिचकी मारावी. दोन-तीन सेकंदांत थरथर थांबली तर ठीक. थांबली नाही, तर दुकानदार काहीही म्हणो, नमस्कार करून बाहेर पडावे.

त्या मैदानावर चार-पाच दुर्बिणींतून मी पाहिले आणि मग ठरवले. हेही सांगते की घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून एकदा तरी पाहावेच. साडी आपण अंगावर लावून पाहिल्याशिवाय घेत नाही. तिथली मोठी, सहा-आठ इंची दुर्बीण फार सुरेख दाखवत होती. पण ती उचलायला दोन माणसे लागत. आमच्या इमारतीची लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही, आणि ज्या वस्तूसाठी रोज मुलाची मनधरणी करावी लागेल ती वस्तू आठ दिवसांनी पलंगाखाली जाते. मी घेतली ती लहान. नळी जाड आणि आखूड, लाकडी बैठकीसह वजन सुमारे ६ किलो, म्हणजे आपला दळणाचा डबा. एका हातात ती, एका हातात चटई, की मी निघाले. किंमत १९,५०० रुपये. ते मी माझ्या रिकरिंगमधून दिले. या वेळी मिक्सर आधी आणला, हे सूनबाई इथे बसली आहे म्हणून मुद्दाम सांगते.

त्या बैठकीची गोष्ट मला फार आवडते. तिला तिपाई नाही. जात्याची वरची तळी फिरावी तशी एक गोल फळी खालच्या फळीवर फिरते, आणि नळी वर-खाली होते. बस्स, यंत्र म्हणून एवढेच. ही रीत लोकप्रिय केली जॉन डॉब्सन नावाच्या एका गृहस्थाने. हे सान फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीच्या मठात, म्हणजे आपल्या रामकृष्ण परंपरेतल्या मठात, १९४४ पासून संन्यासी होते. जवळ पैसा नाही, म्हणून जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ जाड काचा घासून त्यांनी आरसे बनवले, आणि दुर्बिणी रस्त्यावर नेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला ग्रह दाखवू लागले. या नादापायी १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. १९६८ मध्ये त्यांनी पदपथावरच्या निरीक्षकांचा संघच काढला. २०१४ साली ते गेले, अठ्ठ्याण्णव वर्षांचे होऊन. फळ्या, खिळे आणि फिरते जाते! हे यंत्र एखाद्या बाईने शोधून काढले असते तरी मला नवल वाटले नसते.

माझ्या बैठकीला उंची नाही, म्हणून खाली काहीतरी हवे. प्लॅस्टिकचे स्टूल डुगडुगते. शेवटी सत्यनारायणाचा सागवानी चौरंग वर नेला. त्यावर दुर्बीण, खाली चटईवर मी. यांनी चौरंगाबद्दल थोडी कुरकुर केली. मी म्हटले, "पूजेच्या दिवशी पुसून परत देईन."

पहिली चाचणी दिवसा केली, आणि ती दिवसाच करावी. नळीवर एक लाल ठिपक्याची छोटी दिशादर्शक काच असते. लांबची एखादी न हलणारी वस्तू आधी दुर्बिणीत मधोमध आणायची, मग खिळे फिरवून लाल ठिपका त्याच वस्तूवर आणायचा. आमच्या गच्चीवरून पर्वती दिसते. मी देवळाचा कळस धरला. कळस दिसला तो खाली डोके वर पाय! दुर्बीण बिघडली म्हणून छातीत धस्स झाले. पण आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटेच दिसते. ग्रहाला वर-खाली काही नसल्यामुळे त्याने बिघडत नाही. त्या दिवशी मी लाल ठिपक्याचा दिवा विझवायला विसरले आणि संध्याकाळपर्यंत सेल संपला, ही आणखी एक शिकवण. आणि घरातून वर नेली की लगेच पाहू नये, अर्धा तास तिला गार होऊ द्यावे. तोवर आरशातले चित्र उकळत्या पाण्याखालच्या तळासारखे हलते. प्रवासात धक्का लागला तर आतल्या दोन आरशांचे तोंड एकमेकांकडे राहत नाही. मागचे खिळे हलके फिरवून ते जुळवावे लागतात. पहिल्यांदा मला दीड तास लागला, आता पाच मिनिटे.

दिवस होता १८ डिसेंबर २०२३, चंपाषष्ठी. दुपारी भरीत-रोडग्याचे जेवण झालेले, त्यामुळे गच्चीवर यायला कोणी उत्सुक नव्हते. मी आणि नात. आधी चंद्र पाहिला. तुम्ही म्हणाल, चंद्र पाहायचा तर कोजागिरीला. आटवलेल्या दुधाला कोजागिरी उत्तम. दुर्बिणीला तिच्याइतकी वाईट रात्र नाही. पौर्णिमेला ऊन चंद्रावर सरळ पडते, कशाचीच सावली पडत नाही, सगळे सपाट आणि डोळे दिपवणारे. षष्ठी ते अष्टमीचा चंद्र घ्या. जिथे उजेड संपून काळोख सुरू होतो त्या रेषेवर ऊन तिरपे पडते, आणि तिथे एकेक खळगा असा उठून दिसतो की बोट लावून पाहावे. थिओफिलस नावाचे सुमारे १०० किलोमीटर रुंदीचे विवर त्या रात्री दिसले. त्याच्या मधोमध डोंगर, आणि डोंगराला सावली. नात बराच वेळ डोळा काढीना. तिथी पाहून वाट बघण्यात आपण बायका तयार आहोत, एवढे मला तेव्हा जाणवले. संकष्टीचा उपास करणाऱ्या बाईला चंद्रोदय किती वाजता आणि कुठल्या इमारतीमागून, हे कोणी शिकवावे लागत नाही.

चंद्राच्या खाली पश्चिमेला शनी होता. ४५ पटीचा आयपीस लावला. डोळा लावला. तांदळाच्या कणीएवढा, पिवळसर, आणि मण्यात सुई ओवावी तसे आरपार गेलेले कडे. हलत नव्हते, रंगीत नव्हते, खोक्यावरच्या चित्राच्या शंभराव्या हिश्शानेही मोठे नव्हते. पण ते होते. पुस्तकात पाहिलेले ते कडे पन्नास-पंचावन्न वर्षांनी प्रत्यक्ष दिसले. मला काही बोलता येईना. नात म्हणाली, "आजी, सरक ना, माझी पाळी."

आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींना साडेसाती चालू होती. त्या शनी पाहायला यायलाच तयार नव्हत्या. चार दिवसांनी आल्या, पाहिले, आणि म्हणाल्या, "अगबाई, इतका देखणा आहे हा?" बरे, साडेसातीचा हिशेबही आकाशाशी जुळतो हे त्यानिमित्ताने लक्षात आले. तीन राशींना साडेसात वर्षे, म्हणजे एका राशीला अडीच, बारा राशींना तीस. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. फळ मिळो न मिळो, गणित कोणीतरी आकाशाकडे बघून केलेले आहे. पुढे मार्च २०२५ मध्ये ते कडे आपल्याकडे अगदी धारेने आले आणि दिसेनासे झाले होते. तेव्हापासून ते पुन्हा उघडत जायचे आहे आणि २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसेल. तेव्हा ज्यांनी अजून पाहिले नाही त्यांनी घाबरू नये, दिवस आपलेच आहेत.

आता ज्या गोष्टीची कुजबुज झाली ती गोष्ट. जानेवारी २०२४ मध्ये सोसायटीकडे तक्रार गेली की गच्चीवरून रात्री कोणी दुर्बिणीने समोरच्या खिडक्यांत पाहते. सूचनाफलकावर कागद लागला की रात्री ८ नंतर गच्चीला कुलूप. मला कोणी विचारले नाही. टपालखात्यात इतकी वर्षे लोकांची पत्रे हाताळली, एकही उघडून पाहिले नाही, आणि या वयात माझ्यावर हा आळ! त्याच गच्चीवर दर ३१ डिसेंबरला मंडळी रात्री एकपर्यंत गाणी लावून बसतात, तेव्हा कुलूप कुठे असते कोण जाणे. एकट्या बाईने रात्री गच्चीवर अंधारात गप्प बसावे, हेच लोकांना चमत्कारिक वाटते. मी दुर्बीण विकून टाकायच्या विचारापर्यंत आले होते.

त्याच दिवसांत मी मारिया मिचेल यांची हकिगत वाचली. अमेरिकेतल्या नँटकेट बेटावरच्या या बाई ग्रंथालयात नोकरी करीत. वडील बँकेत, घर बँकेच्याच इमारतीत, आणि त्या इमारतीच्या छपरावर एक लहानशी, सुमारे तीन इंची दुर्बीण. १ ऑक्टोबर १८४७ च्या संध्याकाळी घरी पाहुणे जमले होते. ही एकोणतीस वर्षांची मुलगी पाहुण्यांतून उठून वर गेली आणि तिला एक धूमकेतू दिसला, जो तोवर कोणी पाहिलेला नव्हता. रोममधल्या एका ज्योतिर्विदाला तो दिसला दोन दिवसांनी. त्याची बातमी आधी पोहोचली, पण पुढे पहिला मान या बाईंनाच मिळाला, आणि डेन्मार्कच्या राजाने ठेवलेले सुवर्णपदकही. १८६५ मध्ये त्या व्हॅसर कॉलेजात ज्योतिषशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. तीन इंची! माझी तिच्यापेक्षा मोठी आहे. मला धूमकेतू सापडणार नाही हे मला ठाऊक आहे, पण गच्चीची किल्ली तरी मागता येईल असे वाटले.

मी संक्रांतीचा तिळगूळ घेऊन तक्रार करणाऱ्या वहिनींच्या घरी गेले. कोण ते सांगणार नाही. त्यांना दोन मुली आहेत, दोघींची खोली आमच्या गच्चीच्या समोर. त्यांची भीती मला पटली. त्यांनी विचारले, "खिडकी दिसते का यातून?" मी म्हटले, "दिसते. खोटे कशाला सांगू? उलटी दिसते, पण दिसते. म्हणूनच तुम्ही येऊन पाहा, दुर्बीण कुठे ठेवायची ते तुम्हीच सांगा." १६ फेब्रुवारी २०२४ ला रथसप्तमी होती. त्या संध्याकाळी मी हळदीकुंकवासाठी म्हणून गच्ची मागितली. हळदीकुंकवाला नाही कोण म्हणणार? चौदा जणी आल्या. सप्तमीचा चंद्र, त्याच्या खाली पश्चिमेला गुरू, आणि मध्यावर मृग नक्षत्र. चौरंगासमोर रांग लागली. कोणी डोळा चुकीचा मिटी, कोणी नळी धरून ठेवी आणि चंद्र पळून जाई, कोणी चष्म्याची काच आयपीसवर आपटी. (नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढावा, खुंटी फिरवली की स्पष्ट दिसते.) एका आजींनी बराच वेळ पाहून विचारले, "यात आपण गेलेलो ती जागा कुठली?" 'आपण' म्हणजे चांद्रयान. ती जागा दक्षिणेकडे. यान एवढ्या दुर्बिणीत दिसत नाही, पण भाग दाखवला.

त्या वहिनी आल्या, सगळ्यांत शेवटी पाहिले, "बरे आहे" म्हणाल्या आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. त्यांची धाकटी मुलगी मात्र तेव्हापासून एक दिवस चुकवत नाही, आणि आरसे जुळवणे आता तीच माझ्यापेक्षा चांगले करते. दुर्बीण दक्षिणेच्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवायची, दोघी तरी बरोबर हव्यात, आणि साडेदहाला खाली यायचे, या अटींवर किल्ली मिळाली. अटी मी पाळते. त्या सर्वांनाच का नाहीत, हा माझा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

काय काय पाहिले ते सांगत बसले तर चहा निवेल. कृत्तिका डोळ्यांना सहा दिसतात, १८ पटीत त्या नळीत मावत नाहीत इतक्या होतात. मृगाच्या पोटात बाणाचे तीन तारे आहेत, त्यांच्या खाली तीन अंधुक ताऱ्यांची उभी ओळ दिसते. तिच्यातला मधला तारा हा तारा नाहीच, तेराशे प्रकाशवर्षांवरचा धुराचा लोट आहे आणि त्याच्या पोटात नवे तारे जन्मतात. आणि वैशाखात सप्तर्षी वर आले की वसिष्ठ-अरुंधती नक्की पाहा. लग्नात भटजींनी दाखवली तेव्हा आपण मान हलवली, दिसली कोणाला? दुर्बिणीत अरुंधती बरीच लांब दिसते, आणि ४५ पटीत वसिष्ठाच्या अगदी अंगाला चिकटून आणखी एक तारा निघतो. हे गुपित सतराव्या शतकातच फुटले आहे. यावर आमच्या जिन्यात जे विनोद झाले ते इथे सांगत नाही.

मात्र एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. दुर्बीण सूर्याकडे वळवायची नाही. मुलांच्या हातात दिवसा एकटी द्यायची नाही. क्षणभरात डोळा जातो आणि तो परत येत नाही. स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायची एक काळी काच 'सूर्यासाठी' म्हणून येते. ती उन्हाने तडकते. माझ्या पहिल्या खोक्यात होती, मी ती हातोडीने फोडून टाकली. दुसरे, आरशावर धूळ दिसली तर पदराने पुसू नका. थोड्या धुळीने काही बिघडत नाही, पुसल्याने कायमचे चरे पडतात. पावसाळ्यात कापडी पिशवीत गुंडाळून कपाटात कोंडू नका, बुरशी येते. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवा.

ज्यांना इतका खर्च नको त्यांनी ७ बाय ५० किंवा १० बाय ५० ची चांगली द्विनेत्री घ्यावी. कृत्तिका तिच्यातून माझ्या दुर्बिणीपेक्षाही सुरेख दिसतात, आणि ट्रिपला, लग्नाच्या वऱ्हाडात, कुठेही नेता येते. पण चार-पाच हजारांची, शेकडो पटींची नळी मात्र कोणी कितीही गोड बोलले तरी घेऊ नका.

आता शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. माझे गुडघे आता सहा किलो घेऊन चार जिने चढायला कुरकुरतात, आणि मोतीबिंदूची तारीखही ठरायची आहे. दुर्बीण मी मंडळाला देऊन टाकते. वाचनालयाच्या कपाटाशेजारी तिला जागा द्यावी, आणि पुस्तक नेतात तशी सभासदांनी वहीत सही करून न्यावी. माझी अट एकच. यापुढे गच्चीची किल्ली माझ्या नावाने मागायची नाही, मंडळाच्या नावाने मागायची, आणि कार्यकारिणीने तसे पत्र सोसायटीला द्यावे. एका बाईला नाही म्हणणे सोपे असते, साठ जणींना तितके नसते. चौरंग मात्र मंडळाने आपला पाहावा. आमचा घरी हवा आहे.

येत्या शुक्ल षष्ठीला, ढग नसतील तर, संध्याकाळी साडेसातला गच्चीवर जमायचे आहे. बसायला चटई आणि अंगावर शाल आणावी. मोबाईलचा उजेड नको. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावून आणावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. आणि टॉर्च पायाशी धरा, शेवटच्या जिन्याच्या वरच्या दोन पायऱ्या फुटलेल्या आहेत.